ओठांकडे बघायची सवय

नवं श्रवणयंत्र कानात बसवताना दुकानातल्या बाईंनी प्रमिलाताईंना बजावलं होतं, "एखादा शब्द निसटला, तर हे यंत्र समोरच्याच्याच आवाजात तो भरून काढतं. पण बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायची सवय सोडू नका."

ताईंनी ती आठवडाभरातच सोडली. लोकांच्या तोंडाकडे टक लावून बघण्यात तीस वर्षं गेली होती. आता ओट्याशी पाठमोरं उभं राहूनही दिगंबररावांचं, त्यांच्या नवऱ्याचं, सगळं बोलणं स्वच्छ ऐकू यायचं.

आज त्यांना चहा देऊन ताई करंज्या तळायला उभ्या राहिल्या, त्याला दीड तास झाला होता. गप्पा रंगल्या होत्या. भाचीच्या लग्नाला जायचं की नाही, यावरून थोडं वाजलंही. शेवटी "बरं, जाऊ," असं ते म्हणाले, तशा ताई हसत वळल्या.

दिगंबररावांची मान खुर्चीत कलली होती. न प्यायलेल्या चहावर साय धरली होती. ताईंनी त्यांचा हात धरला. तो गार पडला होता.

"सारणात गोड कमी नाही ना झालं?" कानात त्यांचा आवाज आला. ओठ हलले नव्हते.

यंत्र काढायला गेलेला ताईंचा हात कानापाशीच थांबला. लग्नाला नको कोण म्हणालं? जाऊ कोण म्हणालं? दिगंबररावांचं स्वतःचं शेवटचं वाक्य कोणतं होतं?

"अगं, एक करंजी दे ना."

"देते हो," ताईंच्या तोंडून निघून गेलं.