न उघडणाऱ्या तिसऱ्या

दोनदा उकळी फुटली तरी पातेल्यातल्या शिंपल्यांतली एकही तिसरी उघडेना. चांगुणाबाय डावाने ढवळतच राहिली.

समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याने उरलेलं जहाल मीठपाणी खाडीत ओतलं आणि खाडीतला शिंपला न् शिंपला मारला. म्हणून दुसरा कारखाना नको, गोडं पाणी हवं तर आमच्या गावतळ्यातला गाळ उपसा, असं म्हणत कोळीवाडा हटून बसला होता. पण परवा ओहोटीला बायांच्या पायाखालून पिचकाऱ्या उडाल्या. चिखलात जिवंत तिसरी असली की ती अशीच पाणी मारते, हे कोळणीला शिकवावं लागत नाही. बाया नाचल्या. खाडी जगली, मग आता कशाला भांडायचं, असं चांगुणानेच घरोघर सांगितलं आणि आज सकाळी सभेत सगळ्यांना दुसऱ्या कारखान्यासाठी संमतीचे हात वर करायला लावले. त्याच आनंदात कारखान्याच्या निमकर साहेबांना तिने जेवायला बोलावलं होतं.

"मावशी, उघडणार नाहीत त्या," निमकर हसले. "आम्हीच खाडीत सोडलेली यंत्रं आहेत ती. पाणी ओढतात, मीठ मोजतात, पाणी फेकतात."

"मंग आमच्या खऱ्या तिसऱ्या कुठं हायेत?"

"त्या कशा जगतील त्या पाण्यात? या मरत नाहीत."

"सायबा, आमचं हात मागं घे. नको तुजा कारखाना."

"ठराव वर गेला, मावशी," म्हणत निमकरांनी शांतपणे भात कालवला.

तेवढ्यात दारात वाट्या घेऊन बाया आल्या. "चांगुणे, कालवणाचा वास कसा नाय गो येत?"

चांगुणा पातेल्यात डाव फिरवतच राहिली. त्यांच्याकडे वळून बघायची तिला हिंमत होईना.