हात सोडायचा नाही

"आज तरी खुर्चीत बसणं होणार ना?" रिसेप्शनवरच्या बाईंनी विचारलं.

"म्हणजे काय!" बंबवाले म्हणाले. शेजारी लेक उभी होती. वय वर्षं सात, समोरचे दोन दात नुकतेच पडलेले, काखेत कापसाचं अस्वल.

अग्निशमन दलात वीस वर्षं काढल्यामुळे कॉलनीत सगळे त्यांना बंबवालेच म्हणत. चौथ्या मजल्यावरच्या धुरातून त्यांनी माणसं काढली होती. लहान मुलांच्या या दातांच्या दवाखान्यात मात्र आज दुसरी खेप. पहिल्या खेपेला सुई दिसताच खुर्चीतून उडी, दार, जिना, थेट पार्किंग. इमारत विनाअपघात रिकामी करण्याचा तो आदर्श नमुना होता.

म्हणून आज बायकोने दोघांना दारातच बजावलं होतं, "या वेळी पळापळ नको. आणि हात सोडायचा नाही, सांगून ठेवते."

हात अजून सुटलेला नव्हता.

बाक बुटका होता. बंबवाल्यांचे गुडघे हनुवटीला टेकले. समोर भिंतीवरचा हत्ती सोंडेने दात घासत होता.

"लेझरने दुखत नाही," ते म्हणाले. "नुसता उजेड असतो. टॉर्चसारखा."

"मग झालं तर," लेक अस्वलाचा कान नीट करत म्हणाली. "तरी भीती वाटलीच तर आकडे म्हणायचे. शंभरपर्यंत."

डॉक्टरीणबाई एक्स-रे घेऊन बाहेर आल्या. "दुधाची दाढ आहे, टाकू काढून, असं इथे चालायचं नाही. खाली पक्की दाढ तयारच झालेली नाही. ही गेली की कायमचं खिंडार. नीट सांभाळली तर माणसाचे केस पिकले तरी जागेवर राहील."

"म्हणजे लेझरच?"

"आतला खराब गर तेवढा लेझरने जाळायचा, उरलेला जिवंत ठेवायचा. वर टोपी बसवायची. दुधाच्या दाढेचं हे काम इथेच होतं."

'जाळायचा' हा शब्द बंबवाल्यांना पेशामुळेच रुचला नाही. "आणि सुई?"

"एकच. लहानशी."

बंबवाल्यांनी खोलीवर नजर फिरवली. एक दार, दोन खिडक्या, जिना डावीकडे. सवयच ती.

"पुढच्या आठवड्यात आलो तर? रात्रभर ठणका होता हो. झोप नाही, पोटात अन्नाचा कण नाही."

"पुढच्या आठवड्यापर्यंत उरलेला गर मेला, तर लेझर आरती ओवाळण्यापुरता उरेल. आजच."

आत नर्सने सगळ्यांना गडद चष्मे वाटले. अस्वलालाही एक मिळाला. डॉक्टरीणबाईंनी बोटावर गुलाबी जेल घेतलं.

"चला, शूर कोण आहे इथे?"

बंबवाल्यांनी पुन्हा दाराकडे पाहिलं.

शेवटी लेकीने मोठ्या माणसासारखा सुस्कारा सोडला. ससा रंगवलेल्या खुर्चीबाहेर दीड हात लोंबणारे, या वयातही दुधाची दाढ टिकवून असलेल्या बाबांचे बूट तिने सरळ केले, अस्वल त्यांच्या छातीवर ठेवलं आणि आईने सांगितल्याप्रमाणे त्यांचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"करा सुरू, डॉक्टरकाकू. आता नाही पळायचा तो."