दंडाचं माप

"मास्तर, बोलू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"बोलतोय कुठं? नुसतं सांगतोय," म्हणत मास्तरांनी बँडवाल्याच्या कोटाची कथा पुढे चालू ठेवली. कोटाला एकच बाही लागली होती. दुसरी मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात टेबलावर पडून होती, आणि दुकान आज दुपारी बंद व्हायचं होतं. कायमचं.

दुकानाची किल्ली लेकीच्या पर्समध्ये होती. ती त्यांना आपल्या घरी न्यायला आली होती. आई गेल्यापासून बाबा रोज सकाळी फोनवर आपल्या बी.पी.चा आकडा सांगत आणि दिवसभर तिचा जीव टांगणीला लागे. एकशे अठ्ठावन्न, खाली चौऱ्याण्णव. कधी त्याच्याही वर. अशा माणसाला एकटं ठेवायचं कसं? मास्तरांनीही फारसा वाद घातला नव्हता. जन्मभर टेपवर विश्वास ठेवलेला माणूस. आकडा म्हणजे आकडा, एवढंच म्हणाले. जाण्याआधी एकदा डॉक्टरबाईंना दाखवायचं, म्हणून दोघं आली होती. घरचं बी.पी.चं मशीनही घेऊन या, असा त्यांचा निरोप होता.

दवाखान्यासमोरचा रस्ता मास्तरांनी बोलण्याच्या नादात, गाड्या न बघताच ओलांडला होता. आई असती तर तिनं दोघांचेही दंड धरून मागे खेचलं असतं. लेक चाळिशीला आली तरी आईची ती सवय सुटली नव्हती.

"बाबा, तोंडाला जरा टीप घाला," लेक म्हणाली.

मास्तर गप्प बसले. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर. डॉक्टरबाईंनी थोडा वेळ जाऊ दिला आणि मग आपला पट्टा त्यांच्या दंडाला बांधला.

"एकशे अठ्ठावीस, एकोणऐंशी."

"तुमचं मशीन बिघडलंय," लेक पटकन म्हणाली.

डॉक्टरबाई हसल्या. "एकदा मोजून भागत नाहीच." जरा थांबून त्यांनी पुन्हा मोजलं. आकडा दोन-चारनं इकडेतिकडे झाला, इतकंच. "वरचा आकडा हृदय रक्त ढकलतं तेव्हाचा. खालचा, ते दम खातं तेव्हाचा."

"म्हणजे पायडल दाबलं आणि पायडल सोडलं," मास्तर म्हणाले.

"अगदी."

"सोडल्यावरही ताण राहिला तर दोरा तुटणार."

"तुम्हीच बसता का माझ्या खुर्चीवर? आता तुमचं मशीन दाखवा."

घरचा पट्टा मास्तरांच्या दंडावर जेमतेम पोचला. टोकाला टोक कसंबसं चिकटलं. मशीन घरघरलं. एकशे सत्तावन्न, पंच्याण्णव. लेकीचा चेहरा उतरला. डॉक्टरबाईंनी मात्र पट्टा सोडवला, उलटा केला आणि उजेडात धरला.

"हे कुणी शिवलंय?"

"मी," मास्तर ताठ झाले. "का? टीप वाकडी गेलीये?"

"टीप सरळ आहे हो. पण शिवलंत कशाला?"

"हिच्या आईला पट्टा ढगळ व्हायचा. दंड म्हणजे नुसती काडी. बांधला की घरंगळला. मग दुमड घातली आणि टीप मारली." त्यांनी आवाज खाली आणला. "आतल्या पिशवीला सुईचं टोकसुद्धा लागू दिलं नाही."

डॉक्टरबाईंनी पट्ट्याकडे बघितलं. मग इस्त्री फिरवून फिरवून कमावलेल्या त्या दंडाकडे बघितलं.

"आणि तोच पट्टा तुम्ही ह्या दंडाला बांधता. रोज."

मास्तरांनी मान डोलावली.

"हां, इथं घोडं पेंड खात होतं तर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पट्टा तोकडा पडला की आकडा फुगतो."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! सगळ्या गावाची मापं घेतली, आणि स्वतः बायकोचं झंपर घालून फिरतोय!" ते हसायला लागले. असे हसले, की बाहेर बाकावर बसलेल्या एका आजींनी दार ढकलून आत डोकावून पाहिलं. लेकही हसली. हसताना तिला डोळे पुसावे लागले, आणि पुसूनही ती हसतच राहिली.

"म्हणून हुरळून जायचं नाही," डॉक्टरबाईंनी बजावलं. "आठवडाभर सकाळ-संध्याकाळ नीट मोजा आणि मला दाखवा. पण ह्या आकड्यावर दुकान बंद करायचं काही कारण दिसत नाही मला. ही टीप तेवढी उसवा. पट्टा तुम्हाला बरोबर बसेल."

लेकीनं पर्स उघडली आणि किल्ली मास्तरांच्या हातावर ठेवली. लेकीकडे न बघताच त्यांनी मूठ मिटली.

"बँडवाला सुटला," ते म्हणाले.

मग खिशातून छोटी कात्री काढून त्यांनी तिचं टोक टिपेखाली घातलं. पहिला टाका वर उचलला. तो तसाच धरून ते बसले.

"द्या इकडे," लेक म्हणाली.

तिनं पट्टा घेतला आणि स्वतःच्या दंडाला गुंडाळला. तो बरोबर बसला. कुठं सैल नाही, कुठं तंग नाही. मास्तरांनी शिंप्याच्या नजरेनं एकदा पाहिलं, आणि कात्री परत खिशात गेली.

"माझ्यासाठी दुसरा आणू," ते म्हणाले.

तिनं बटण दाबलं. पट्टा हळूहळू आवळत गेला. रस्त्याच्या कडेला कुणी दंड धरावा तसा त्यानं तिचा दंड घट्ट धरला, तसाच धरून ठेवला, मग सावकाश सोडला. एवढा वेळ मास्तर अवाक्षर बोलले नाहीत.

"आता बोलू का?" त्यांनी विचारलं.

"एकदा मोजून भागत नाही, बाबा," ती म्हणाली, आणि तिनं बटण पुन्हा दाबलं.