भाड्याचा आवाज

‘माझा आवाज गेला तो गेला. भाड्याचा नको.’

असं बायकोने जुन्या ऑर्गनायझरच्या, म्हणजे खिशातल्या इलेक्ट्रॉनिक डायरीच्या, काचेवर खरडलं आणि तो नवऱ्याच्या नाकासमोर धरला. काच अंधुक झाली होती. नवऱ्याने ऑर्गनायझर उजेडाकडे वळवला, डोळे बारीक केले आणि मुलीला मोठ्याने वाचून दाखवलं. मुलीने कपाळावर हात मारला. तिने आणलेला नवाकोरा फोन काउंटरवर फ्रेमच्या पट्ट्यांशेजारी पडून होता.

दुकान फोटोफ्रेमचं. नवरा आत काचा कापायचा, बायको बाहेर गिऱ्हाईक बघायची. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला, तेव्हापासून ती या ऑर्गनायझरवरच बोलत आली होती. प्लॅस्टिकच्या काडीने लिहायचं, दाखवायचं, पुसायचं. नवऱ्याशी काम असलं की उठून आत जायचं आणि त्याच्या खांद्यावर टिचकी मारायची. आता मात्र ऑर्गनायझरवर अर्धी अक्षरं उमटायची, अर्धी नाही, आणि दुपारपर्यंत बॅटरी मान टाकायची. दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले होते.

“आई, तू यात लिहायचं आणि हा बोलणार,” मुलगी म्हणाली. “तुझंच बोलणं. एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही.”

तिने फोनमधले आवाज एकेक करून ऐकवले. पहिली बाई बातम्या दिल्यासारखी बोलत होती. दुसरी इतकी गोड होती की गिऱ्हाइकाला वाटावं, फुकटात फ्रेम मिळणार. तिसरी त्यातल्या त्यात बरी, पण अगदीच कोवळी.

“यातली एकही तुझ्या आईसारखी नाही,” नवरा म्हणाला. “तुझी आई बोलायला लागली की समोरच्या दुकानातला माणूस कामातून मान वर करायचा.”

बायकोने डोळे वटारले, पण ते तिला आवडलं होतं हे काही लपलं नाही.

“म्हणून घ्यायचाच नाही, असं थोडंच आहे?” नवऱ्याला आता चेव चढला. “पोरीने एवढ्या हौसेने आणलाय. गिऱ्हाईक तुझं ते गिचमिड वाचता वाचता रडकुंडीला येतं. उगाच हट्ट कसला गं?”

बायकोने काडी उचलली आणि ती ऑर्गनायझरवर तावातावाने लिहू लागली. तिच्या हाताचा वेग बघून नवऱ्याने पुढचं ओळखलं आणि नेहमीचा डाव टाकला. त्याने चष्मा काढला आणि फडक्याने सावकाश पुसायला घेतला. चष्म्याशिवाय त्याला अक्षर दिसत नसे, मग बायकोचं म्हणणं तिच्याच हातात राही. संसारातली बरीच भांडणं त्याने अलीकडे अशीच जिंकली होती आणि मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

बायकोने ऑर्गनायझर खाली ठेवला आणि फोन उचलला. एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत, ती लिहीत राहिली. मुलगी मदतीला वाकली, तिला तिने कोपराने बाजूला सारलं. नवरा आपला चष्मा पुसतोच आहे.

“चष्मा काढला की सुटलात, असं वाटतं ना तुम्हाला?” फोन म्हणाला.

नवऱ्याच्या हातातलं फडकं खाली पडलं. तो काही बोलणार, तोवर बोट पुन्हा चाललं.

“की आता कानही काढून पुसणार?”

मुलगी हसून हसून स्टुलावर बसली. नवराही हसला. चोरी पकडली गेली होती, तरी त्याला फार बरं वाटत होतं. आवाज कुणा परक्या पोरीचा होता, पण टोमणा अस्सल घरचा होता. चष्मा लावून वाचलेला टोमणा कधी असा लागला नव्हता.

“हीच!” तो मुलीला म्हणाला. “आवाजाचं जाऊ दे. बाई हीच.”

बायको फोनकडे बघत राहिली. मग तिने मुलीला खूण केली, आवाज जरा जाड कर, जरा सावकाश कर. दोन-तीनदा ऐकून तिने मान डोलावली. तिची काडी खणात गेली, ऑर्गनायझरही गेला. मुलगी विजयी मुद्रेने घरी गेली आणि नवरा अर्धवट राहिलेली काच कापायला आत गेला.

त्याने पट्टी लावली, माप बघितलं, हातात काच कापायचा हिरा घेतला.

“अहो.”

त्याचा हात थांबला. टिचकी येत होती, टाळी येत होती, पण ‘अहो’ असं लिहून कोण कुणाला दाखवतं? माणूस ते वाचायला लागला म्हणजे त्याचं लक्ष आधीच गेलेलं असतं. त्यामुळे आपल्या नावावरचा हा शब्द हरवलाय, हे इतक्या दिवसांत त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

“काय गं?” त्याने आतूनच विचारलं. काच तशीच टाकून तो बाहेर आला.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बायको काउंटरमागे बसली होती. तिने सावकाश लिहिलं आणि बटण दाबलं.

“काही नाही. नुसती हाक मारली.”

“बरं,” तो म्हणाला. आणखी काही बोलला असता तर रडला असता.

तो आत आला, हिरा काचेवर टेकवला, आणि पुढची हाक येते का म्हणून तसाच उभा राहिला.