पेरूचा चाकू

"पर्समध्ये मावेल एवढाच हवा. गंजणारा नको, आणि दिसायला देखणा हवा," कुंदाबाईंनी दुकानदाराला बजावलं. सकाळी फिरायला गेलो की आम्ही दोघं एक पेरू वाटून खातो, त्यासाठीच असेल, असं मला वाटलं. दिवाळीत मी त्यांना लग्नाचं विचारलं होतं. "सांगते," म्हणाल्या होत्या. ते सांगणं अजून बाकी होतं.

शिसवी मुठीचा चाकू त्यांनी पसंत केला. मग पर्समधून लिंबू काढलं. कापलं नाही. चाकूच्या टोकाला खोचलं आणि चाकू माझ्या हातात दिला.

"नवरदेवाला शोभतोय का हो?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

बासष्टाव्या वर्षी मी भर दुकानात उडी मारली.

"काका, जपून! चाकू उघडा आहे!"

"असू दे, टोकाला लिंबू आहे!"