सरदाराला बोलावणं

"गुरुजी, त्या सरदाराचं पुढं काय झालं ते आत्ताच्या आत्ता येऊन सांगा," राजाबाई दारातूनच म्हणाली.

विष्णुपंत जेवून नुकते आडवे झाले होते. अंबरनाथच्या त्या चाळीत ते एकटेच मास्तर, आणि रविवारी ओट्यावर बसून इतिहासातल्या गोष्टी सांगायची त्यांना भारी हौस. चार महिन्यांपूर्वी त्यांनी जर्मनांच्या मुलखातला, तीनशे वर्षांपूर्वीचा वालेनस्टाइन सरदार सांगितला होता. त्याने बादशहासाठी फौज उभी केली, लढाया मारल्या, आणि बादशहाने त्यालाच घरी बसवलं. पुढे शत्रू अंगावर आला तेव्हा त्याच बादशहाने मिनतवाऱ्या करून त्याला परत बोलावलं. इथे मास्तरांनी गोष्ट संपवली. घराणं पुराणिकांचं, अशुभ प्रसंगावर पोथी बांधून ठेवायची नाही, हे हाडीमाशी मुरलेलं.

नेमका त्याच आठवड्यात राजाबाईचा नवरा हिंदुराव तोफगोळ्यांच्या कारखान्यातून कमी झाला; लढाई संपली होती. तेव्हापासून, त्या सरदारासारखं आपल्यालाही परत बोलावणं येईल म्हणून, तो रोज इस्त्रीचा सदरा घालून पोस्टमनची वाट बघत होता. पोरं आज सकाळपासून कोऱ्या चहावर होती.

"वहिनी, पुढचं ऐकण्यासारखं नाही," विष्णुपंत पुटपुटले. "अशुभावर पोथी बांधत नाहीत."

"आमची चूल बांधून ठेवलीय, ती दिसत न्हाई तुमाला?"

विष्णुपंत चपला शोधू लागले.

हिंदुरावाच्या दारात त्याच्या गावचा जनू बसला होता. जनू निर्वासितांच्या कॅम्पातल्या एका सिंधी शेटच्या खाटांच्या कारखान्यात कामाला होता. "दादा, किती येळ? शेटनं तीन वाजेपातुर कातायचा लेथ मोकळा ठेवलाय. मंग दुसरा मानूस उभा ऱ्हातोय."

"खाटंचं पाय कातू व्हय मी?" हिंदुराव म्हणाला. "लढाईत तोफंचं गोळं कातलंत या हातांनी. मला बोलावनं येनार. गुरुजी, सांगा ह्यांना."

विष्णुपंतांनी सांगितलं. मान वर न करता, भराभर सांगितलं. सरदार परत आला, लढला. मग बादशहाच्या मनात संशय शिरला. त्याला फितूर ठरवलं. एका रात्री त्याच्याच फौजेतले अधिकारी दार फोडून आत घुसले. तो झोपायच्या कपड्यांत होता, हातात काही नव्हतं. छातीत भाला खुपसला.

हिंदुरावाचा चेहरा उतरला. नवऱ्याची एवढी एकच आशा, आणि ती राजाबाईनेच गुरुजींना आणून मोडली होती. पण आता तरी तो उठेल, जनूच्या मागे जाईल, म्हणून ती वाट सोडून उभी राहिली.

हिंदुरावाने विचारलं, "पर बोलावनं आलं हुतं न्हवं?"

विष्णुपंतांना खोटं बोलता येईना. "आलं होतं."

"मंग झालं तर," हिंदुराव म्हणाला, आणि सदऱ्याचं वरचं बटण लावून पुन्हा खिडकीशी जाऊन बसला.

जनू उठला. राजाबाईने पदर खोचला, पायरी उतरली आणि त्याच्या पुढे चालू लागली.

"वयनी, तुमी कुटं?"

"लेथ कसा चालवायचा ते वाटंनं सांग," ती म्हणाली.