राहून गेलेला शब्द

‘मी कोण? रोज स्वतःला विचारा.’ काकांनी आपल्याच छापखान्यात हौसेनं पत्रकं छापली. घाईत ‘स्वतःला’ तेवढं राहून गेलं, आणि खाली फोन नंबर मात्र ठसठशीत! झालं, लोक रोज काकांनाच विचारू लागले. “अहो, सांगा ना, मी कोण?”

पुतणीची हसून हसून मुरकुंडी वळायची. काका मात्र तासन्‌तास फोनला चिकटलेले.

काका गेले. आज तो नंबर बंद करायचा, तर सकाळीच फोन वाजला.

“काका नाहीत हो आता,” पुतणीचा आवाज कापला. “मला नाही येत त्यांच्यासारखी उत्तरं.”

“उत्तर त्यांनी कधी दिलंच नाही गं,” पलीकडच्या बाई म्हणाल्या. “नुसतं ऐकायचे. बोल बाळा, मी ऐकतेय.”